बोलताना अडखळतो म्हणून नोकरी नाही, अपंग नाही म्हणून मदत नाही!

मागच्या उन्हाळ्यात वाशिमच्या कोर्टात आमच्या टेबलापाशी रिसोड तालुक्यातला एक तरुण आईला घेऊन आला. बी.कॉम. झालेला, संगणकाची परीक्षा पास. बोलत होती ती आईच. एका खासगी कंपनीत हिशेबाच्या जागेसाठी पोराला बोलावले होते. लेखी चाचणीत तो पुढे होता. मुलाखतीत नाव विचारले आणि नावाच्या पहिल्याच अक्षरावर तो अडकला. समोरचे साहेब एकमेकांकडे पाहून हसले आणि "पाणी प्या, आम्ही कळवतो" म्हणाले. ते कळवणे अजून आलेले नाही. आपल्या पोराला चारचौघांत नाव-आडनाव सांगणे तसेही सोपे नसते. आडनाव कळले की पुढचे प्रश्न बदलतात. इथे तर तोंडातून नावच निघेना.

आईचा प्रश्न सरळ होता, "वकीलसाहेब, याच्या बोलण्याच्या इलाजाला सरकारातून काही पैसे भेटतात का?"

आम्ही कायदा काढला, योजना चाळल्या. आज तरी उत्तर "जवळजवळ नाहीच" असे आहे. ते तसे का, हे समाजबांधवांनी समजून घेतले पाहिजे.

अपंगांच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. ('दिव्यांग' हा शब्द आम्हाला रुचत नाही. शरीराच्या उणिवेला दैवी म्हटले की हक्काची भाषा मागे पडते. पण कागदावर तोच आहे.) या २१ मध्ये 'वाचा व भाषा दोष' हा प्रकार आहे. वाचून आनंद होतो आणि व्याख्या वाचली की मावळतो. स्वरयंत्र काढून टाकणे, मेंदूच्या आघाताने वाचा जाणे अशा शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेला कायमचा दोष, असा तिचा अर्थ आहे. तोतरेपणाचा त्यात उल्लेख नाही. म्हणून ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र दुरापास्त, आणि प्रमाणपत्र नाही तर पुढची सगळी दारे बंद.

वास्तविक तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. बहुतेक मुलांत तो आपोआप जातो, शंभरातल्या सुमारे एका प्रौढाजवळ राहतो. तो घराण्यात चालत येतो आणि मेंदूतल्या बोलण्याच्या यंत्रणेशी त्याचा संबंध आहे, हे संशोधनाने दाखवले आहे. म्हणजे 'मज्जासंस्थेचे कारण' हे शब्द वकिलाला युक्तिवादासाठी मोकळे आहेत. आमच्या वस्त्यांत मात्र अजून वेखंड चाटवणे, तोंडात खडे धरायला लावणे, नाहीतर "घाबरट आहे" म्हणून टपली मारणे चालते. शंभरात एक या हिशेबाने १२ लाखांच्या आसपास वस्तीच्या वाशिम जिल्ह्यात हे लोक काही हजार निघतील. ते मोर्चात घोषणा देत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

आता पैशाचे पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच. नोकरी शोधणारा पोरगा त्यातून सुटला. निरामय विम्यात थेरपीचा खर्च मिळतो, पण ती योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरती. महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात भरती होणाऱ्यांसाठी. वाचाउपचार म्हणजे दर आठवड्याची बैठक, तीही कित्येक महिने. वाशिमहून अकोल्याला जायचे तर पोराचा दिवस मोडतो आणि सोबत गेलेल्या आईचा रोज बुडतो. मुंबईला वांद्र्यात अलियावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पण मजुराच्या पोराने दर आठवड्याला मुंबई गाठायची कशी? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला अपंगांचा ५ टक्के निधी पुन्हा त्याच प्रमाणपत्राला बांधलेला. बरे, धडपडून ते मिळाले तरी कलम ३४ च्या ४ टक्के नोकरी आरक्षणाच्या गटांत वाचा दोषाला स्वतंत्र जागा नाहीच!

अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याखाली राज्याराज्यांत व्यावसायिक पुनर्वसनाचे खाते चालते. अपंगत्व नोकरीच्या आड येत असेल, तर उमेदवाराच्या रोजगार आराखड्यात वाचाउपचाराचाही खर्च धरता येतो. तिथे हा नोकरीच्या तयारीचा खर्च आहे. आमची मागणी नेमकी हीच आहे. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी असतात. त्यातून शिलाई मशीन देता येते, पिठाची गिरणी देता येते, मग सहा महिन्यांच्या वाचाउपचाराची फी आणि एसटीचे भाडे का देता येऊ नये? बार्टी स्पर्धा परीक्षेची शिकवणी देते. यूपीएससीच्या २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे असतात. लेखीत वर आणि मुलाखतीत खाली, ही आपल्या मुलांची तक्रार जुनीच आहे. तिथे जीभ अडली तर भेदभाव करणाऱ्याला आयते निमित्त मिळते. 'मूकनायक' निघाला १९२० साली, आणि त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. मुक्यांना वाचा द्यायची तर पैसा लागतो, हे कोल्हापूरच्या राजाला कळले होते.

वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. तिथे वाचा उपचारतज्ज्ञाचे कायम पद भरलेले असावे, हीही मागणी लावून धरली पाहिजे.

तोवर काय करायचे? सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सांगितले की, ४० टक्के अपंगत्व नसले तरी वाजवी सोय मागता येते. तो खटला लेखनिकाचा होता. मुलाखतीत जास्त वेळ मागायला त्याचा आधार घेता येईल, असे आमचे मत आहे. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई (आपल्या अमरावतीचे, २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले) यांच्या खंडपीठाने वाचा दोष असलेल्या महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या बाबतीत म्हटले की, केवळ टक्केवारी पाहून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. कलम २० चा भेदभावबंदीचा दट्ट्या मात्र सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी साहेबांना अजून बरेच मोकळे रान आहे.

मुलाखत नसलेल्या जागाही पाहाव्यात. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब च्या मुलाखती बंद केल्या आहेत. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही अडखळणाऱ्यांचीच स्वमदत संघटना आहे. तिच्याशी जोडून घ्यावे. "पंधरा दिवसांत तोतरेपणा गायब" अशा जाहिरातवाल्याला मात्र एक रुपया देऊ नये. उपचार करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारावे.

त्या तरुणासाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज तयार झाला आहे. मजकूर त्याने स्वतः लिहिला, आम्ही फक्त कलमे घातली. अशा अर्जाचा नमुना ज्यांना हवा असेल, त्यांनी कोर्टाच्या वेळेत येऊन न्यावा. सोबत आई-वडील आले तर हरकत नाही, पण बोलायचे त्या पोराने. आम्हाला घाई नाही.