सागरतळाची सहल : काटकसर कोठें करावी, कोठें करूं नये

सुट्टी जवळ आली कीं घराघरांतून सहलींचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर, काशी, म्हैसूर अशीं नांवें निघालीं तर वडील मंडळींस कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु अलीकडे कॉलेजांत शिकणारा पुतण्या किंवा बँकेंत नोकरी करणारी सून "मला समुद्राच्या तळाशीं जाऊन यावयाचें आहे" असें म्हणूं लागली आहे, आणि हें शब्द कानीं पडतांच घरांतील वातावरण बदलतें. आजीला जिवाची काळजी, आईला जेवणाची, आणि घरचा हिशोब ठेवणाऱ्या काकांना पैशांची. तीन्ही काळज्या रास्त आहेत. दुर्दैव एवढेंच कीं त्यांचा विचार करण्याऐवजीं "तें कांहीं नको" या तीन शब्दांत विषय मिटविला जातो. मग मुलें दुसऱ्याच कोणत्या सहलीचें नांव सांगून निघतात, आणि किनाऱ्यावर जो सर्वांत स्वस्त भाव सांगेल त्याच्या हातीं आपला जीव देतात. म्हणून या महिन्यांत जीव, जेवण व पैसा या तीन्ही बाजूंनीं या सहलीचा विचार करावयाचें योजिलें आहे.

प्रथम ही गोष्ट काय आहे तें पाहूं. पाठीवर हवेची टाकी बांधावयाची, तिची नळी तोंडांत धरावयाची, आणि तिच्यांतून श्वास घेत पाण्याखालीं फिरावयाचें, याला स्कूबा म्हणतात. याचें यंत्र जाक कूस्तो व एमिल गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं सिद्ध केलें. टाकींत ऑक्सिजन भरलेला असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. आपण घरीं घेतों तीच हवा दाबून तींत भरलेली असते. या विद्येच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली चाखून पाहण्याची : शिक्षक धरून नेतो, आपण थोडा वेळ उथळ पाण्यांत हिंडून येतों, हिला पोहतां येण्याचीहि गरज नसते. दुसरी रीतसर शिकण्याची : तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम, समुद्रांत चार बुड्या, आणि अखेर १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता दाखविणारें प्रमाणपत्र.

काटकसरीचा पहिला नियम येथेंच सांगतां येतो. पहिल्या पायरीसाठीं दूर जाऊं नये. पाण्याखालीं पुष्कळांचे कान दुखतात, कांहींचा जीव घाबरा होतो, कांहींना नावेंतच मळमळतें. हें कळण्यासाठीं विमानाचें भाडें भरण्याचें कारण नाहीं. कोकण रेल्वेनें कुडाळास उतरलें कीं तेथून मालवण जवळच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यांत अशा बुड्या पावसाळा वगळून चालतात, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची हें शिक्षण देणारी संस्था तारकर्लीस आहे. तेथील पाणी अंदमानाइतकें नितळ नसतें हें खरें. पण आवड आहे कीं नाहीं, एवढें समजण्यास तें पुरें आहे. जेवणाची तर तेथें अडचणच नाहीं. मालवण म्हटलें कीं मासळी डोळ्यांपुढें येते, तरी त्याच घरांतून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचें सांबारें, घावणे व नारळाची चटणी, वरणभात आणि सोलकढी असें सुरेख जेवण मिळतें. आदल्या दिवशीं सांगून ठेवावें म्हणजे झालें.

मालवणास मन रमलें, तर दुसऱ्या पायरीसाठीं अंदमानाचा विचार करावा. ज्या बेटांना आपल्या घरांतून काळें पाणी म्हणत, जेथें सावरकर बंधूंनीं कारावास भोगला, तींच आज या विद्येचें आपल्या देशांतील मोठें केंद्र झालीं आहेत. पोर्ट ब्लेअरचें नांव २०२४ सालीं श्रीविजयपुरम झालें. तेथून बोटीनें जावयाचें तें स्वराज द्वीप. जुन्या नकाशांत हें हॅवलॉक म्हणून सांपडेल, कारण नांव बदललें तें २०१८ च्या अखेरीस.

या सहलींत पैसे दोन ठिकाणीं जातात, विमानाच्या तिकिटांत आणि शिकण्याच्या फींत. यांपैकीं पहिलें कलम कमी करतां येतें, दुसरें करूं नये. डिसेंबरांत आणि नाताळच्या सुट्टींत सर्वच महाग असतें. फेब्रुवारी-मार्चांत समुद्र बहुधा शांत, पाणी स्वच्छ आणि गर्दी थोडी. जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने टाळावेत. चेन्नई, कलकत्ता व विशाखापट्टणम येथून सरकारी जहाजें जातात. परंतु त्यांना तीन-चार दिवस लागतात, आणि रजा मोजून घेणाऱ्या नोकरदारास ही काटकसर महाग पडते. श्रीविजयपुरमहून स्वराज द्वीपास जातांना मात्र सरकारी बोटच बरी. तिला सुमारें अडीच तास लागतात, खासगी बोट तासभर आधीं पोहोंचते. पण भाड्यांत पुष्कळच अंतर असतें. बेटावर समुद्रासमोरील खोलीचा हट्ट धरूं नये. दिवस पाण्यांत जावयाचा आणि रात्र झोपेंत. बाजाराजवळची साधी, स्वच्छ खोली पुरते. अभ्यासक्रमाचें वाचन घरींच करून जावें, म्हणजे तेथील दिवस वांचतात. या अभ्यासक्रमास २०० मीटर पोहणें आणि १० मिनिटें तरंगणें आवश्यक असतें; तेव्हां आधीं दोन-तीन महिने गांवच्या तलावावर पोहण्याचा सराव ठेवावा. त्याची फी थोडी आणि उपयोग जन्माचा.

आतां जेवण. स्वराज द्वीपावरील बहुतेक वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांची आहे. त्यांच्या खानावळींत भात, डाळ, भाजी सर्वत्र मिळते. पण बंगाली स्वयंपाकाची रीत आपण ओळखली पाहिजे. तेथें मुगाच्या डाळींत माशाचें डोकें घालतात, दुधी भोपळ्याच्या भाजींत कोळंबी घालतात, आणि हें वेगळें सांगण्यासारखें आहे असें कोणास वाटत नाहीं. म्हणून नुसतें "मांस नको" म्हणून भागत नाहीं. "निरामिष" हा आपल्याहि ओळखीचा संस्कृत शब्द वापरावा; तो बंगाली माणसास नेमका समजतो, आणि जुन्या वळणाच्या घरांत तर त्यांत कांदा-लसूणहि वर्ज्य धरतात. तळलेले पदार्थ मात्र टाळावेत, कारण मासे तळलेलें तेल पुन्हां कढईंत असण्याचा संभव असतो. पुष्कळसा भाजीपाला बाहेरून येत असल्यामुळें तेथें महाग असतो. यासाठीं घरून मेतकूट, तुपाची लहान बरणी, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचें लोणचें, भाजलेले पोहे व गूळपापडी एवढी शिदोरी न्यावी. गरम भात कोठेंहि मिळतो. त्यावर मेतकूट-तूप पडलें कीं आणखी काय हवें? बुडीच्या सकाळीं मात्र हलकें खावें : केळें, पोहे, थोडी गूळपापडी, आणि भरपूर पाणी. वाटाणे-हरभरे यांची उसळ रात्रीसाठीं ठेवावी. खोलांत असतां पोटांत धरलेला वायु वर येतांना फुगतो, आणि ही गोष्ट विनोदाची वाटली तरी पाण्यांत विनोदाची राहत नाहीं.

जेथें काटकसर करूं नये अशीं स्थळें तीन आहेत. पहिलें म्हणजे शिक्षक. त्याचें प्रमाणपत्र पाहण्यास मागावें. एका शिक्षकामागें किती विद्यार्थी असतात, नावेवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे कीं नाहीं, हें विचारावें. शिकविण्यांतील सर्वांत मोठा नियम असा कीं पाण्याखालीं श्वास कधींहि रोखून धरूं नये. संध्येंतील प्राणायामांत पूरक, कुंभक, रेचक अशा तीन क्रिया असतात. समुद्रांत कुंभक वर्ज्य आहे. दर १० मीटरांस पाण्याचा भार एका वातावरणाइतका वाढतो. म्हणून १० मीटरांवर छातींत भरलेली हवा पृष्ठभागीं येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि श्वास कोंडला असेल तर फुप्फुसांस इजा करते. ही गोष्ट जो घाईघाईनें सांगून मोकळा होतो, त्याची फी कितीहि कमी असो, त्याच्याकडे जाऊं नये.

दुसरें स्थळ प्रकृतीचें. चांगला शिक्षक आधीं प्रश्नांचा कागद भरून घेतो : दमा, हृदयविकार, फेफरें, कानाचे विकार आहेत काय, स्त्रिया गरोदर आहेत काय. गरोदरपणीं ही बुडी सर्वस्वीं वर्ज्य आहे. फी बुडेल म्हणून या कागदावर खोटें लिहिणें म्हणजे थोड्या पैशांत प्राण तारण ठेवणें होय. घरच्या डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वींच घ्यावा. विम्याच्या कागदांत अशी बुडी वगळली आहे काय, हेंहि त्याच वेळीं पाहून ठेवावें. सर्दी झाली असेल तर त्या दिवशीं किनाऱ्यावरच बसावें. बंद नाकानें कानांतील दाब सारखा करतां येत नाहीं.

तिसरें स्थळ शेवटच्या दिवसाचें. खोलांत श्वास घेतांना नायट्रोजन वायु शरीरांत मुरतो आणि हळूहळू बाहेर पडतो. तत्पूर्वीं उंच गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून पांगळेपणापर्यंत परिणाम होऊं शकतात. एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये, असा नियम आहे. मुक्कामाचा एक दिवस वांचवून हा नियम मोडूं नये. तो दिवस श्रीविजयपुरमास सेल्युलर जेल पाहण्यांत घालवावा. १९०६ सालीं पुऱ्या झालेल्या त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकीं आज तीनच उभ्या आहेत, आणि तेथें काढलेला वेळ कोणास वायां गेला असें वाटणार नाहीं. हाच विचार मालवणाहून परततांना करावा. आंबोली समुद्रापासून सुमारें ७०० मीटर उंच आहे. सकाळीं बुडी आणि दुपारीं घाट असा बेत न करतां रात्र खालींच काढावी.

प्रवाळांविषयीं दोन शब्द. जो दगडासारखा दिसतो तो असंख्य लहान जीवांचा संसार असतो, आणि त्याची वाढ फार सावकाश होते. २०१० सालीं समुद्राचें पाणी तापल्यामुळें अंदमानांतील प्रवाळांची मोठी हानि झाली. त्यांवर पाय देऊं नये, हात लावूं नये. त्यांचा तुकडा आणणें तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. ज्यानें जीव खाण्याचें सोडलें, त्यानें तो पायाखालीं तुडवूंहि नये. ताटांत मासा न घेणाऱ्यास तो त्याच्या घरीं, हातभर अंतरावर, निर्भयपणें फिरतांना पाहण्यांत जें समाधान आहे, तें या सर्व खर्चाचें मोल समजावें.

वडील मंडळींस विनंती एवढीच कीं नकार देण्यापूर्वीं मुलांना बेताचा कागद मांडावयास सांगावें. शिक्षक कोण, डॉक्टरांनीं काय सांगितलें, शेवटची बुडी केव्हां आणि विमान केव्हां, या प्रश्नांचीं उत्तरें त्यांत असलीं तर काकांनीं पैसे मोजावेत आणि आईनें मेतकूट दळावें. उत्तरें नसलीं तर बेत पुढच्या वर्षावर टाकावा. समुद्र कोठें जात नाहीं.