विजेचे पेव कोणाच्या अंगणात?

ज्वारीचे पेव आता फार थोड्या गावांत उरले आहे. पण पेव म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खळ्यावर रास पडली की भाव पडतो आणि आषाढ-श्रावणात तीच ज्वारी चढ्या भावाने विकत घ्यावी लागते. ज्याच्याकडे पेव, त्याला थांबता येते. ज्याला थांबता येते, त्याला भाव मिळतो. कापसाचेही तसेच. पहिल्या वेच्याचा कापूस घरात ठेवण्याची सोय आणि ऐपत नाही म्हणून तो मिळेल त्या भावाने जातो. पुढे गाठीचा भाव चढतो तो ज्याच्या गोदामात गाठी असतील त्याच्यासाठी. पिकवणारा एक, साठवणारा दुसरा आणि नफा दुसऱ्याचा, हे शेतमालाच्या व्यापाराचे जुने गणित आहे.

आज हेच गणित विजेला लागू होते आहे, म्हणून या बैठकीच्या अंकात हा विषय घेतला आहे.

सूर्याची वीज दुपारी पिकते. वारा आषाढ-श्रावणात भरात असतो. गिऱ्हाइकाला मात्र वीज हवी असते दिवेलागणीनंतर. आज वीजबाजारात उन्हाळ्यातल्या दुपारी भाव कोसळतो आणि संध्याकाळी तो बाजाराच्या कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे युनिटला दहा रुपयांपर्यंत, चढू शकतो. राजस्थानात तर तारा अपुऱ्या आणि उठाव नाही म्हणून भर दुपारी सौर प्रकल्प थांबवण्याची वेळ आली. खळ्यावरची रास आणि दुपारची वीज यांत फरक एवढाच की रास आठवडाभर तरी टिकते. वीज क्षणभरही टिकत नाही. म्हणून विजेला पेव हवे.

वीज साठवण्याची विद्या मुंबईला नवी नाही. परळ, लालबागच्या गिरण्या एकेकाळी कोळशाच्या वाफेवर चालत. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याचे चार महिने पडणारे पाणी तलावांत अडवायचे आणि वर्षभर लागेल तसे खाली सोडून वीज करायची, असा हा मामला. ते तलाव म्हणजे मुंबईच्या विजेचे पेवच. ते पेव कोणाच्या अंगणात खणले गेले? मुळशीच्या मावळ्यांच्या. भाताची खाचरे पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला. तो मोडला आणि धरण झाले. कापूस वऱ्हाड-खानदेशचा, पाणी मावळचे, घाम कोकण-देशावरून आलेल्या कामगारांचा आणि मालकी मुंबईची, असा हा कारभार होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. जमिनीला सोन्याचा भाव आला, तिथे टॉवर उभे राहिले. आज संध्याकाळी सहानंतर त्या टॉवरमधले थंड हवेचे यंत्र जी वीज मागते, तिच्यासाठी पुन्हा पेवे शोधली जात आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात भिवपुरी आणि शिरवटा येथे मिळून २,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला. स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि महाग वेळी खाली सोडायचे, ते उदंचन.

दुसरे पेव म्हणून आज हायड्रोजनचा डांगोरा पिटला जातो आहे. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटते आणि हायड्रोजन व प्राणवायू वेगळे होतात. हायड्रोजन टाकीत भरून ठेवायचा, हवा तेव्हा जाळायचा किंवा त्याची पुन्हा वीज करायची. हेही नवे नाही. डेन्मार्कमध्ये अस्कोव्ह या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या लोकविद्यापीठात पोल ला कूर नावाच्या शिक्षकाने पवनचक्कीच्या विजेने हायड्रोजन केला आणि १८९५ पासून काही वर्षे त्यावर शाळेचे दिवे जाळले. कधी वायूत प्राणवायू मिसळून स्फोट झाला आणि खिडक्यांच्या काचा फुटल्या, तरी प्रयोग चालू राहिला. आपल्या लालबागेतल्या बॉम्बे गॅस कंपनीचा दगडी कोळशापासून केलेला वायू शहरात नळाने फिरत असे. त्यातही जवळपास निम्मा हायड्रोजनच होता. तेव्हा ही जादू नाही आणि थोतांडही नाही. प्रश्न हिशेबाचा आहे.

तो हिशेब असा. एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्याची पुन्हा वीज केली तर हाती येतात सोळा-सतरा युनिट. पेवात तीन पायली ज्वारी घालायची आणि एक पायली काढायची, असा हा व्यवहार. उदंचनात शंभर युनिटांतली पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, बॅटरीत त्याहून जास्त. म्हणजे दुपारची वीज रात्री दिव्याला वापरायची तर हायड्रोजन हा वाईट सौदा आहे. तुमच्या गावात येऊन जो सांगेल की हायड्रोजनमुळे रात्रीची वीज स्वस्त होईल, त्याला हा आकडा विचारा.

मग हायड्रोजनचा उपयोग कुठे? खतात. हवेतला नत्र आणि हायड्रोजन मिळून अमोनिया होतो आणि अमोनियापासून नत्रखते. ट्रॉम्बेच्या आरसीएफसारख्या कारखान्यांत तो हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्या वायूचा मोठा हिस्सा देश आयात करतो. विजेपासून हायड्रोजन काढून खत करण्याचा प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. पंजाबात नांगलचा कारखाना १९६१ पासून भाक्राच्या विजेने पाणी फोडून खत करत होता. पुढे त्या विजेला इतर गिऱ्हाइके वाढली आणि कारखाना तेलाकडे वळवावा लागला. वीज शिलकीची असेपर्यंतच हा धंदा परवडतो, हा नांगलचा धडा आहे.

कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ६० किलो नत्र धरू. तेवढ्या नत्राच्या अमोनियासाठी सुमारे १३ किलो हायड्रोजन, म्हणजे सगळे धरून सातशेच्या आसपास युनिट वीज लागेल. तीन रुपये दराने नुसत्या विजेचे एकवीसशे रुपये झाले. आज तेवढेच नत्र युरियाच्या तीन गोण्यांत आठशे रुपयांना मिळते, कारण खरी किंमत आणि विक्रीची किंमत यांतला फरक सरकार भरते. शिवाय युरियाला कार्बनही लागतो आणि तो पाण्यातून येत नाही. तेव्हा हिरव्या हायड्रोजनचे खत येईल तेव्हा त्याचा वाढीव खर्च कोणाच्या माथी मारणार, हे आजच विचारून ठेवले पाहिजे.

पाण्याबद्दल भीती आहे, तीही मोजून घेऊ. किलोमागे पाणी फुटते नऊ लिटर. शुद्धीकरण आणि थंडाव्याचे धरून वीस लिटर समजा. हेक्टरभर कपाशीच्या नत्राला दीड पिंप पाणी, हे काही फार नाही. पण वर्षाला एक लाख टन हायड्रोजनचा कारखाना एकाच तालुक्यात आला तर त्याला दोनशे कोटी लिटर लागेल. तेवढ्यात दहा हजार एकर कपाशीला बोंडे भरताना पाच सेंटिमीटरची एक संरक्षित पाळी देता येते. समुद्रकाठी कारखाना वेगळा आणि दुष्काळी तालुक्यातला वेगळा, तो या कारणाने.

केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचे हायड्रोजन अभियान मंजूर केले. राज्याने त्याच वर्षी ८,५६२ कोटींचे धोरण आणले. पैसा आहे, जमीन मात्र आपल्याकडे मागितली जाणार. सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या योजनेत सरकारने हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ जाहीर केली. खडकाळ जमिनीला हा दर वाईट नाही. पण खाजगी कंपन्यांचे दलाल हेच दर देतात असे समजू नये.

आपण तंत्राला विरोध करणारे नाही. बंदी मागणाऱ्यांच्या रांगेत आपण कधी उभे राहिलो नाही आणि राहणार नाही. पण मुळशीच्या शेतकऱ्याला त्या विजेत वाटा मिळाला नाही, ती चूक पुन्हा होऊ द्यायची नाही. म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार मुद्दे ठेवत आहोत. पहिला, सक्तीचे संपादन नको. जमीन भाड्याने, सातबारा शेतकऱ्याच्या नावावर. दुसरा, भाडे ठोक रकमेत न बांधता विकलेल्या विजेच्या उत्पन्नाशी जोडलेले असावे, म्हणजे संध्याकाळच्या भावातला हिस्सा पिकवणाऱ्याला मिळेल. तिसरा, अवर्षणप्रवण तालुक्यांत हायड्रोजनसाठी भूजल आणि सिंचनाचे पाणी देऊ नये. चौथा, शेतकऱ्यांच्या कंपन्यांना स्वतःची सौर वीज, बॅटरी आणि विक्री यांचा परवाना आडकाठीशिवाय मिळावा.

या चार मुद्द्यांवर तालुकावार चर्चा करून ठराव आणावेत. आणि ज्यांच्याकडे जमिनीच्या कराराचा मसुदा आला असेल, त्यांनी सही करण्याआधी त्याची प्रत बैठकीत आणावी. मुदत किती, वाढ किती, मुदत संपल्यावर पाया उखडून जमीन पूर्ववत कोण करून देणार, ही तीन कलमे सर्वांसमोर वाचून मगच काय ते ठरवू.