दाबोळीचं काल्पनिक विमान

परवा डिचोलीहून भाचा पणजीला आला. विमानयुद्धाचा गेम लावून म्हणाला, "मामा, हे पोर्तुगिजांचं जेट फायटर. १९६१ साली दाबोळीला असं असतं तर?" विमान देखणं होतं, पंखांवर लाल क्रूस. पोराने स्वतः बनवलेलं.

कल्पनेला माझी ना नाही. पण अशा 'जर-तर'ने हरलेल्या सत्तेला फुकटचा मान मिळतो, त्याला माझा विरोध आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी दाबोळीला पोर्तुगिजांचं एकही लढाऊ विमान नव्हतं. आपल्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले, हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र बंद पाडलं. आकाशात अडवायला कोणी आलं नाही. रात्री त्याच फुटक्या धावपट्टीवरून दोन प्रवासी विमानं तेवढी निसटली. सालाझारने गव्हर्नर वासालो इ सिल्वाला मरेपर्यंत लढायचं फर्मान सोडलं, लढाऊ विमान मात्र दिलं नाही! (पोर्तुगीज काळातला थाट म्हणून जो आपल्याला अजून ऐकवतात, तो हाच बरं का.)

भाच्याला म्हटलं, दाबोळी रिकामी ठेव आणि खेळून बघ.

"मग खेळायचं काय, मामा?"