डब्यातले चारमिनार

लक्ष्मीपूजनाला आपण चांदीचे जुने रुपये ताटात मांडतो, हळदकुंकू वाहतो आणि पुन्हा डब्यात टाकतो. त्यांच्यावर काय लिहिलंय, हे किती जणी बघतात? मीही बघितलं नव्हतं. पुतणीच्या बारशाला वाळे करायचे ठरले, तेव्हा सासूबाईंच्या डब्यातले अकरा रुपये मीच सोनाराकडे नेले. त्याने घट धरून वजनाचे पैसे लावले. वाळे वर्षभरात लहान झाले; रुपये गेले ते गेलेच. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

उरलेले नऊ परवा उजेडात धरले. सात हाली, दोन कलदार. आमचं हिमायतनगर (जुन्या माणसांच्या तोंडी वाढोणा) १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. निजामाचा तो हाली सिक्का, इंग्रजांचा तो कलदार, आणि सहा कलदारांना सात हाली असा हिशेब. कारण कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी, हाली ११.१८ ग्रॅमचा आणि चांदी ८२ भागच.

माझ्या सातही हालींवर मधोमध चारमिनार आहे. त्याच्या कमानीत एक बारीक अक्षर असतं. 'मीम' असेल तर नाणं महबूब अली खानांचं, 'ऐन' असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खानांचं. शाळेतल्या उर्दूच्या बाईंनी ते मला ओळखायला शिकवलं. माझे सगळे 'ऐन'चे निघाले.

तिकडे फ्रान्समध्ये नेपोलियनच्या चांदीच्या पाच फ्रँकमागेही हौशी लोक असेच लागतात. नाणं चांगलं २५ ग्रॅमचं. १८०८ पर्यंत त्याच्या एका बाजूला 'सम्राट' आणि दुसऱ्या बाजूला चक्क 'प्रजासत्ताक'! १८०९ पासून तिथे 'साम्राज्य' आलं. एका शब्दावरून काळ कळतो.

आता कामाचं. जुनं नाणं चिंचेने, राखेने, दंतमंजनाने मुळीच घासू नका. काळपटपणा असू द्या. घासून चकचकीत केलेल्या किंवा माळेसाठी कडी डाकलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात. कडेने धरावं, कोरड्या कागदी पाकिटात एकेक वेगळं ठेवावं. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकट डाग पडतात. पूजेला एकच काढावं, सगळ्यांना कुंकू कशाला? आणि मोडायचंच असेल, तर आधी दोन्ही बाजू नीट बघून, साल वहीत लिहून मगच सोनाराकडे जावं.

सासूबाईंना मी पाकिटं दाखवली. त्यांनी एकेक हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "ह्यात माझ्या ओटीतला कुठला गं?"

तो बहुधा त्या अकरांत होता.