बदक बुडत कां नाहीं?

गोंदिया जिल्ह्यास तळ्यांचा जिल्हा म्हणतात, तें यथार्थ आहे. १९९९ सालीं तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला. तरी दोहोंचें वैभव एकच, तें म्हणजे कोहळी लोकांनीं भातशेतीसाठीं बांधलेलीं जुनीं तळीं. त्यांत नवेगावबांधचें तळें विशेष प्रसिद्ध. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें तें बांधल्याचें सांगतात. हिंवाळा लागला कीं उत्तरेकडून आलेलीं तलवार बदकें आणि येथलींच अडई व हळदीकुंकू बदकें यांचे थवे या भागांतील पाण्यावर दिसूं लागतात. अशा वेळीं काठावरचें एखादें सात-आठ वर्षांचें मूल हटकून विचारतें, "आजोबा, एवढासा खडा बुडतो, मग एवढें मोठें बदक कां बुडत नाहीं?" आणि आजोबा बहुधा 'देवाची करणी आणि नारळांत पाणी' म्हणून पुढें चालूं लागतात. प्रश्न मात्र उत्तम आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरापासूनच सुरू होतें.

लोखंडाचा खिळा बादलींत टाकला तर तळाशीं जातो. त्याच लोखंडाची कढई पाण्यावर ठेवली तर ती डौलानें तरंगते. कोणतीही वस्तु पाण्यांत शिरतांना आपल्यापुरती जागा करून घेते, म्हणजे तेवढें पाणी बाजूस सारते. आणि त्या सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका रेटा पाणी तिला खालून देतें. हा नियम ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सिराक्यूजच्या आर्किमिडीज यानें सांगितला. खिळा सारतो तें पाणी त्याच्या स्वतःच्या वजनाहून फार हलकें. कढईच्या बाबतींत मात्र तिच्या पोटांतील हवेनें अडविलेली जागाही हिशेबांत येते. खोड कोरून केलेला डोंगा याच न्यायानें चालतो. तळ्यांत लावलेल्या शिंगाड्यानेंही हीच युक्ति योजिली आहे. त्याच्या पानांचे देंठ मध्यें फुगीर असतात. एक देंठ चिरून पाहावा, आंत हवेनें भरलेला भुसभुशीत गर दिसेल. त्याच्याच बळावर पानांचा झुबका वर राहतो.

आतां बदकाकडे वळूं. त्याचीं हाडें पोकळ म्हणून तें तरंगतें, असें कोणी सांगतात; अंगाला तेल असतें म्हणून, असें दुसरे म्हणतात. दोन्हींत थोडें थोडें सत्य आहे, पण मुख्य गोष्ट सुटते. ती गोष्ट म्हणजे पिसांत कोंडलेली हवा. पिसाचे बारीक तंतु एकमेकांत आंकड्यांनीं अडकलेले असतात. त्यांची वीण इतकी दाट, कीं पाणी वरच्यावर राहतें आणि खालच्या मऊ लवेंत हवेचें एक अस्तर टिकून राहतें. शेपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथींतील तेल बदक चोचीनें पिसांवर फिरवितें. त्यानें पिसें लवचिक राहतात आणि वीण शाबूत राहते. शिवाय फुप्फुसांस जोडलेल्या हवेच्या पिशव्या शरीरांत असतातच. अडई वजनाला सुमारें अर्धा किलो. तिला तोलण्यास अर्धा लिटर पाणी सारलें म्हणजे पुरे. पण शरीर व हवेचें अस्तर मिळून तिचा आकार अर्ध्या लिटरहून पुष्कळ मोठा. म्हणून अंगाचा बराच भाग पाण्यावर राहतो.

हें खरें कशावरून, असें कोणी विचारील तर साक्षीदार त्याच तळ्यांत आहेत. टिबुकली नांवाचा इवलासा पक्षी धोका दिसतांच पिसें अंगाशीं घट्ट दाबून हवा बाहेर घालवितो, आणि खडा न टाकल्यासारखा, मुळींच आवाज न करतां पाण्यांत उतरतो. तिरंदाजाचीं पिसें तर भिजतातच. म्हणून पोहतांना त्याचें अंग पाण्याखालीं आणि सापासारखी मान तेवढी वर दिसते. मासे धरण्यास तें सोयीचें, पण मागून त्याला पाणकावळ्याप्रमाणें पंख पसरून उन्हांत बसावें लागतें. गोंदियाची कीर्ति ज्याच्यामुळें विशेष, तो सारस उथळ पाण्यांत आपल्या लांब पायांवर उभा असतो. त्याची गोष्ट निराळी.

हाच नियम धानाचें बीं निवडण्यासही कामीं येतो. दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं टाकतात. मिठानें पाणी जड होतें, त्यामुळें पोंचट व अर्धवट भरलेलें धान वर येतें. तें काढून टाकावें. तळाशीं बसलेलें भरदार बीं स्वच्छ पाण्यानें दोन-तीनदां धुवून सावलींत वाळवावें. घरांत डाळ धुतांना किडके दाणे वर येतात, तें गृहिणींस सांगावयास नको.

एक काळजीची बाब मात्र सांगावयास हवी. पाण्याचा पृष्ठभाग एखाद्या ताणलेल्या पातळ कातड्यासारखा असतो, म्हणूनच तें पिसांच्या बारीक फटींत शिरत नाहीं. साबण हा ताण सैल करतो. कपड्याच्या धाग्याधाग्यांत पाणी शिरावें म्हणूनच तर आपण तो लावतों! पण तोच पिसांस लागला कीं पाणी आंत शिरतें, हवा निघून जाते, आणि पक्षी जड होतो व गारठतो. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत उपद्रवी पक्ष्यांच्या थव्यांवर थंडीच्या रात्रीं साबणासारखें द्रव्य मुद्दाम फवारीत असत. पिसें भिजून ते पक्षी गारठ्यानें मरत. एका घरच्या धुण्यानें नवेगावबांधासारखें विस्तीर्ण तळें बिघडत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु उन्हाळ्याकडे आटत जाणाऱ्या लहानशा गांवतळ्याच्या घाटावर रोज पन्नास घरचें धुणें होत असेल, तर त्यास कांहींच होत नाहीं असें म्हणणें आम्हांस धाडसाचें वाटतें. पाणी बादलींत घेऊन काठापासून दूर धुवावें आणि फेंसाळ पाणी जमिनीवर ओतावें. कष्ट थोडे वाढतील, इतकेंच.

मुलांस हें दाखवावयाचें असेल तर बदक धरण्याचें कारण नाहीं. स्वच्छ वाटींत पाणी भरून त्यावर टीपकागदाचा तुकडा व त्यावर कोरडी बारीक सुई ठेवावी. कागद भिजून खालीं जातो, सुई पृष्ठभागावर राहते. (ती आर्किमिडीजच्या नियमानें नव्हे, तर त्या ताणलेल्या कातड्यावर टेकलेली असते, हें मोठ्यांनीं ध्यानांत ठेवावें.) मग वाटीच्या कडेला बोटानें साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडावा. सुई तत्काळ तळाशीं जाते. प्रयोग पुन्हां करावयाचा तर वाटी नीट घासून नवें पाणी घ्यावें. त्याच पाण्यावर सुई दुसऱ्यांदा राहत नाहीं.