फुलीच्या वर लिहिलेले नाव

कॅनडात मेटी नावाचा समाज आहे. मूळपुरुष बहुधा युरोपातून आलेला, मूळमाता तिथली मूलनिवासी. अशा घराला आपला वंश शोधायचा तर पुरुष चटकन सापडतो. हडसन बे कंपनी १६७० साली निघाली. तिच्या चाकरीत आलेल्या गड्यांची नावे, हुद्दे, पगार आज विनिपेगच्या दप्तरखान्यात आहेत. त्यांनी क्री, ओजिब्वे स्त्रियांशी संसार मांडले. त्या स्त्रिया मोकासिन शिवत, सुके मांस कुटून पेमिकन करत, दुभाषाचे कामही करत. पण जुन्या नोंदींत कित्येकींपुढे नुसते ‘देशी बाई’! पगाराचा हिशेब चोख, आईचे नाव गायब. वाचकहो, आम्हाला याचे नवल नाही, राग मात्र आहे.

मग नाव सापडते कुठे? स्क्रिपच्या अर्जात. १८७० च्या मॅनिटोबा कायद्याने मेटी मुलांना १४ लाख एकर जमीन कबूल केली होती. पुढे स्क्रिप, म्हणजे जमिनीची किंवा पैशाची चिठ्ठी, मागणाऱ्याला शपथेवर आईबापांची नावे सांगावी लागत. चिठ्ठ्या बऱ्याचशा सटोडियांनी लाटल्या. सरकारने १८७० चे वचन नीट पाळले नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मान्य केले. अर्ज तेवढे उरले. कारकुनाने कानाला येईल तसे लिहिलेले, खाली सहीऐवजी फुली. आणि वर पणजीने स्वतः सांगितलेले आपल्या आईचे नाव.