दोन डगरींवर पाय

दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे दार बंद असले, तरी मुख्याध्यापकाच्या घराचे दार बंद राहत नाही. दाखल्यावरची सही, मुलाच्या पुढील शिक्षणाची विचारपूस, क्वचित सोयरिकीचा सल्ला, अशा नाना कारणांनी गावाला आमची आठवण होते. गेल्या दिवाळीत असेच एका माजी विद्यार्थिनीचे वडील आले. निपाणी भागात तंबाखूचे थोडेसे रान, घरात विड्या वळून संसाराला हातभार लावलेली आई, आणि अशा घरातून नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडलेली ही मुलगी. चार वर्षे ती १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर होती. आता बेळगावच्या एका रुग्णालयात तातडीच्या विभागात, म्हणजे आपण सारे ज्याला ‘कॅज्युअल्टी’ म्हणतो तेथे, तिला काम मिळाले आहे.

“गुरुजी, आता कुठं बरी नोकरी लागलीया,” वडील म्हणाले, “तर म्हणती, एक महिना वॉर्डात आन् एक महिना दवाखान्याच्या गाडीवर जाणार. साहेबांस्नी तिनंच अर्ज दिलाय. दोन डगरींवर पाय ठेवून कुणाचं बरं झालंय? एक काय ते धर म्हणावं तिला.”

आम्हांला त्यांचे म्हणणे पटले. विद्यार्थ्यांना ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो आहो. मुलीला समजावण्याचे आम्ही कबूलही केले. परंतु दुसऱ्या दिवशी ती येऊन बसली आणि तासाभराने समजावणारे कोण व समजणारे कोण, याची अदलाबदल झालेली होती.

वाचकांपैकी जे आमच्या वयाचे आहेत त्यांना आठवत असेल की, आपल्या लहानपणी रुग्णवाहिका म्हणजे केवळ एक वाहन असे. रोग्याला बैलगाडीतून, जीपमधून, प्रसंगी उसाच्या ट्रॅक्टरमधून नेत. रुग्णवाहिका मिळालीच तर रोगी आडवा निजून जाई, एवढाच फरक. उपचार रुग्णालयाच्या पायरीवर सुरू होत. हा प्रकार बदलला तो १०८ क्रमांकाच्या सेवेने. २००५ साली हैदराबादेत तिचा आरंभ झाला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये कर्नाटकात ती ‘आरोग्य कवच’ या नावाने आली. महाराष्ट्रात ती २०१४ साली सुरू झाली. आम्हां सीमेवरच्या लोकांना यातला एक भेद ठाऊक असावा. महाराष्ट्राने आपल्या गाड्यांवर डॉक्टर नेमले. कर्नाटकाच्या गाडीत मात्र प्रशिक्षण घेतलेली नर्स किंवा तंत्रज्ञ असतो, आणि ‘पायलट’ म्हणविला जाणारा चालक. अडचणीच्या वेळी केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला फोनवरून घेता येतो. पण हात चालवावयाचे ते त्या एकट्या नर्सनेच. कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे माणसाचे रक्त सारखेच सांडते, परंतु त्याला प्रथम हात लावणारी व्यक्ती निराळी असते.

“सर,” ती म्हणाली, “गाडीवर असताना मला वाटायचे, माणूस जिवंत पोहोचवला की माझे काम संपले. ते संपत नाही, हे मला कॅज्युअल्टीत आल्यावर कळले.”

तिने सर्पदंशाचे उदाहरण दिले. उसाच्या आणि तंबाखूच्या रानात हा प्रसंग नवा नाही. गाडीवर असताना ती असा रोगी आणी, “साप चावलाय” असे सांगून स्वाधीन करी आणि पुढच्या फोनकडे धावे. पुढे तीच रुग्णालयात उभी राहिली, आणि एका रात्री दुसऱ्या कुणी आणलेला तसाच रोगी तिच्यापुढे आला. डॉक्टरांनी विचारले, दंश किती वाजता झाला? पायाला दोरी बांधली होती काय, आणि ती कुणी कधी सोडली? पापण्या जड केव्हा झाल्या? उत्तर कुणापाशीच नव्हते. वाटेवर ते दिसले असणार, पण कुणी टिपून घेतले नव्हते. रुग्णालयात थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही तर विषाने रक्तावर अंमल बसविला असे समजतात. मात्र नाग वा मण्यार चावली असेल तर रक्त बहुधा गोठते आणि श्वास बंद पडू लागतो. तेथे काचनळीपेक्षा पापण्यांची साक्ष मोलाची ठरते. घट्ट बांधलेली दोरी एकाएकी सोडल्यास रोगी क्षणात कोसळू शकतो, हेही गाडीवरच्या माणसाला माहीत असावे लागते. तो रोगी वाचला; परंतु चार वर्षांत आपण किती जणांना असे अर्ध्या माहितीनिशी सोडून आलो, हा विचार त्या रात्रीपासून तिला सोडीत नाही.

उलट बाजूही तिने सांगितली. रुग्णालयातील मंडळी गाडीवाल्यांवर चिडतात, “वाटेत सलाईन का लावले नाही?” म्हणून. पावसाळ्यात, रात्री, तवंदी घाटात उलटलेल्या ट्रकपाशी बॅटरीच्या उजेडात शीर शोधणे म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलेले नसते. तेथे आधी मागून येणाऱ्या वाहनांपासून स्वतःला आणि रोग्याला सांभाळायचे. मग श्वासमार्ग मोकळा करायचा, वाहते रक्त दाबून धरायचे, मानेला आधाराची पट्टी लावायची आणि शक्य तितक्या लवकर निघायचे. वळणावळणाच्या रस्त्यावर सुईसाठी खोळंबण्यापेक्षा चाक फिरते ठेवणे कित्येकदा अधिक हिताचे असते. वॉर्डात दिवे असतात, डॉक्टर असतात, हाताखाली माणसे असतात. एका ठिकाणी आज्ञा पाळण्याची शिस्त लागते, तर दुसऱ्या ठिकाणी एकटीने निर्णय घेण्याचे धैर्य.

जगात हा प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी सोडविलेला आहे. हॉलंडात रुग्णवाहिकेवर बहुधा विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका असते. स्वीडनमध्येही परिचारिका असतेच. इंग्लंड-अमेरिकेत ‘पॅरामेडिक’ हा स्वतंत्र व्यवसाय मानला जातो. आपल्याकडे परिचारिकेची नोंद राज्याच्या परिचर्या परिषदेत होते. तातडीच्या वैद्यकीय तंत्रज्ञाला मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्याने प्रथम आरोग्यव्यवसायांच्या यादीत जागा मिळाली. याचा व्यावहारिक अर्थ पालकांनी ध्यानी घ्यावा. नोंदणीकृत परिचारिकेला थोडक्या प्रशिक्षणाने गाडीवरचे काम शिकता येते; परंतु केवळ गाडीवरचे प्रशिक्षण घेतलेल्याला परिचारिका व्हायचे तर तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम मुळापासून करावा लागतो. ज्या मुलामुलींना या कामाची ओढ आहे त्यांनी आधी नर्सिंग पुरे करावे, हे बरे.

आणखी एक गोष्ट तिने सहज सांगितली, ती आमच्या मनात घर करून राहिली. हुक्केरीकडच्या एका म्हातारीला गाडीत घेतल्यावर ती कुणाशीच बोलेना. हिने “एल्लि नोवु?” असे विचारताच तिने हिचा हात छातीवर नेऊन ठेवला. आणि निपाणीची म्हातारी “कुठं दुखतंय, आज्जी?” हे ऐकल्यावाचून तोंड उघडत नाही. भाषेच्या प्रश्नावर आम्ही आयुष्यभर पुष्कळ बोललो आणि ऐकले; परंतु वेदनेने विव्हळणारा माणूस आपल्या आईच्या भाषेतच विव्हळतो, आणि ती समजणारे कुणी शेजारी असणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे आमच्या विद्यार्थिनीने आम्हांला शिकविले. दोन्ही भाषा ज्यांच्या जिभेवर आहेत अशा आपल्या मुलींची या कामाला किती गरज आहे!

या कामाची किंमत मात्र लहान नाही. १०८ ची नोकरी आजवर बहुतांशी कंत्राटी राहिलेली आहे. रात्रपाळीने झोप मोडते, स्ट्रेचर उचलून कंबर धरते. गाडीवर अंगी बाणलेले धाडस वॉर्डात डॉक्टरांच्या आज्ञेवाचून वापरले तर तो अपराध होतो. आम्ही तिला एकच अट घातली. वॉर्डाची रात्रपाळी संपवून त्याच पावली गाडीवर चढावयाचे नाही. दमलेल्या हाताने औषधाचे प्रमाण चुकते आणि त्याची भरपाई दुसऱ्याच्या जिवाने होते. तिने ते मान्य केले.

वडील पुन्हा आले तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, “अहो, नदीचे दोन काठ वेगळे असतात हे खरे, पण त्यावर पूल बांधायचा तर पाय दोन्हीकडे रोवावे लागतात.” त्यांनी ऐकून घेतले आणि हळूच विचारले, “रात्री घाटात ती एकटीच असती व्हय, गुरुजी?” तेव्हा आमच्या ध्यानी आले की, डगरींची म्हण हा केवळ आडपडदा होता, बापाची चिंता निराळीच होती. बरोबर चालक असतो, हे आम्ही सांगितले. भीती नाही, असे मात्र सांगितले नाही. ते खरे ठरले नसते.

वाचकांना एवढीच विनंती. १०८ ला फोन करताना गावाचे नाव आणि जवळची खूण नीट सांगा. काय झाले, किती वाजता झाले, तोवर काय दिले, हे एका कागदावर लिहून गाडीत द्या. सर्पदंश असेल तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. अवयव हलू न देता रोग्याला पडून राहू द्या. आणि रात्री-बेरात्री दाराशी आलेल्या त्या मुलीला तांब्याभर पाणी विचारा. तिचेही वडील घरी जागे असतात.